जॅक नसलेल्या फोनवर हेडफोनचा आवाज चांगला कसा मिळवावा

२०१६ मध्ये ॲपलने आयफोन ७ मधून ३.५ मिलिमीटरचा गोल जॅक काढून टाकला. २०१७ मध्ये गूगलने पिक्सेल २ मध्ये तेच केलं आणि २०१९ मध्ये सॅमसंगने नोट १० मध्ये. आता नवा फोन घेताना जॅक आहे का, हे विचारणंही बहुतेकांनी सोडून दिलंय. पण कपाटात एखादा चांगला वायरवाला हेडफोन पडून असतो, किंवा नवा ब्लूटूथचा घेतला तरी आवाज पूर्वीसारखा भरीव वाटत नाही. मग नेमकं काय बदलायचं ते कळत नाही आणि माणूस दिसेल ते विकत घेत सुटतो.

आधी काय घडलंय ते समजून घेऊ. फोनमध्ये गाणं आकड्यांच्या रूपात असतं. हेडफोनला मात्र विजेची खालीवर होणारी लाट लागते. आकड्यांपासून लाट तयार करणाऱ्या चिपला डॅक म्हणतात, आणि ती लाट हेडफोनचा पडदा हलवेल इतकी जोरकस करणाऱ्या भागाला ॲम्प. जॅक होता तेव्हा ही दोन्ही कामं फोनच्या पोटात व्हायची. जॅक गेला तशी ती बाहेर आली: यूएसबीला लावायच्या छोट्या अडॉप्टरमध्ये, म्हणजे डोंगलमध्ये, नाहीतर ब्लूटूथ हेडफोनच्या आत. म्हणजे हेडफोनचा आवाज आता फोनच्या मॉडेलवर कमी आणि तुम्ही पुढे काय जोडता त्यावर जास्त ठरतो. जॅक गेल्याची हळहळ मलाही आहे, पण हा भाग फायद्याचाच. पूर्वी फोनचा जॅक खराब वाजत असेल तर फोन बदलण्याशिवाय इलाज नव्हता.

पुढच्या पायऱ्या मी मुद्दाम उलट्या क्रमाने लावल्या आहेत. कानापासून सुरुवात आणि फोनकडे प्रवास. कारण आवाजातला सर्वात मोठा फरक कानाजवळ पडतो. डॅकच्या चिपवर रात्र रात्र वाचत बसणारे लोक इअरफोनची रबरी टोपी मात्र खोक्यातून आली तीच वापरत असतात.

पायरी पहिली: कानात नीट बसतंय का

कानात घालायचा इअरफोन असेल तर तो कानाचा मार्ग पूर्ण बंद करतो की नाही हे आधी बघा. थोडी जरी फट राहिली तरी खर्जाचा आवाज निसटतो आणि सगळं पातळ, कर्कश वाटायला लागतं. तपासायची रीत सोपी आहे. डग्ग्याची घुमक किंवा बास गिटार ठळक असलेलं एखादं गाणं लावा आणि वाजत असताना इअरफोन बोटाने हलकेच आत दाबा. दाबल्यावर खर्ज एकदम वाढला, तर टोपी लहान पडतेय किंवा तिचा आकार तुमच्या कानाला जुळत नाही. मोठी टोपी लावून बघा. दोन्ही कानांना एकच माप लागेल असंही नाही. डाव्याला मध्यम आणि उजव्याला मोठी, असं अनेकांच्या बाबतीत असतं. सिलिकॉन जमत नसेल तर फोमच्या टोप्या मिळतात. त्या दाबून बारीक करायच्या, कानात घालायच्या आणि फुगेपर्यंत धरून ठेवायच्या.

मोठ्या, कानावरून बसणाऱ्या हेडफोनमध्येही हाच प्रकार असतो. चष्म्याच्या दांड्यांमुळे उशी नीट टेकत नाही, किंवा उशी जुनी होऊन चपटी झालेली असते. उशा बदलता येतात, पण मूळच्याच प्रकारच्या घ्या. वेगळ्या जाडीच्या किंवा वेगळ्या कापडाच्या उशांनी आवाजाचा बाज बदलतो.

इतकं करूनही हेडफोन मुळातच आवडत नसेल, तर पुढचं काही विकत घेऊ नका. आधी हेडफोन बदला. सामान्य हेडफोनला उत्तम डोंगल लावून तो उत्तम होत नाही.

पायरी दुसरी: वायर की ब्लूटूथ

या वादात फार वेळ घालवण्यासारखं काही नाही. चालताना, प्रवासात, व्यायामात ब्लूटूथ सोयीचं आहे आणि चांगल्या हेडफोनवर ते छान वाजतं. एका जागी बसून ऐकायचं असेल, चांगला वायरवाला हेडफोन आधीच असेल, किंवा गेम खेळताना आणि वाद्य वाजवताना आवाज जराही मागे पडून चालत नसेल, तर वायर. ब्लूटूथमध्ये आवाज थोडा उशिराने पोचतो. व्हिडिओची ॲप चित्र तेवढंच मागे ठेवून ते झाकतात, पण गेम आणि वाद्यांच्या ॲपमध्ये ती सोय नसते.

ज्यांच्याकडे बाहेरचा गोंगाट कापणारा (नॉइज कॅन्सलिंग) ब्लूटूथ हेडफोन आहे त्यांनी एक लक्षात ठेवावं. त्याला ३.५ मिलिमीटरची वायर लावून, हेडफोन बंद ठेवून ऐकलं तर तो बऱ्याचदा आणखी वाईट वाजतो. अशा हेडफोनचा आवाज आतल्या चिपने दुरुस्त केलेला असतो आणि हेडफोन बंद असताना ती दुरुस्ती होत नाही. काही नव्या मॉडेलना यूएसबी-सी वायरने थेट आवाज देता येतो. ती सोय असेल तर वेगळ्या डोंगलची गरजच नाही. डॅक आणि ॲम्प हेडफोनमध्येच आहेत.

पायरी तिसरी: योग्य डोंगल ओळखणं

लोक सर्वात जास्त फसतात ते इथे, म्हणून जरा थांबून सांगतो.

यूएसबी-सी ते ३.५ मिलिमीटर असे दिसायला सारखेच अडॉप्टर दोन प्रकारचे असतात. पहिल्यात नुसत्या तारा असतात. फोन स्वतःच्या डॅकमधून तयार लाट यूएसबी-सीच्या ठरावीक पिनांवर सोडतो आणि अडॉप्टर ती जॅकपर्यंत नेतो. यासाठी फोनमध्ये तशी सोय असावी लागते. काही कंपन्यांनी ती दिली होती. पिक्सेल आणि सॅमसंगच्या जॅक नसलेल्या फोनमध्ये ती नाही. तिथे हा अडॉप्टर लावला की एकतर शांतता, नाहीतर 'हे उपकरण चालत नाही' अशी सूचना. दुसऱ्या प्रकारात अडॉप्टरच्या आतच डॅक आणि ॲम्प असतात. फोनकडून तो फक्त आकडे आणि वीज घेतो. तुम्हाला हवा तो हाच. तो फोनवर चालतो, टॅबलेटवर चालतो, संगणकावरही चालतो.

ओळखायचं कसं? खोक्यावर किंवा वर्णनात डॅकचा, २४ बिट / ४८ किलोहर्ट्झ किंवा २४ बिट / ९६ किलोहर्ट्झ अशा आकड्यांचा (लाटेचं माप किती बारीक आणि सेकंदाला किती हजार वेळा घेतलं, याचे हे आकडे) उल्लेख असेल तर तो दुसऱ्या प्रकारचा. अडॉप्टर हातात असेल तर त्याला हेडफोन जोडून तो लॅपटॉपच्या यूएसबी-सीला लावा. ध्वनीच्या सेटिंगमध्ये नवं उपकरण दिसलं तर आत डॅक आहे.

ॲपलचा छोटा यूएसबी-सी डोंगल हा आकाराने आणि दिसण्याने अगदी साधा, पण मापनात बऱ्याच महागड्या डोंगलच्या पंक्तीला बसणारा. तो २४ बिट / ४८ किलोहर्ट्झपर्यंत चालतो आणि साधारण १ व्होल्ट देतो. युरोपात विकला जाणारा त्याच्या निम्मा. आयफोन १५ किंवा नंतरच्या फोनसाठी, आयपॅडसाठी, संगणकासाठी मी तोच सुचवेन. अँड्रॉइडवर मात्र एक गोम आहे. अनेक अँड्रॉइड फोन या डोंगलच्या आतला आवाज खालच्या पातळीवर सोडून देतात, त्यामुळे फोनचा आवाज शेवटपर्यंत नेला तरी हळूच ऐकू येतं. डोंगल बिघडलेला नसतो. अँड्रॉइडवाल्यांनी दुसऱ्या कंपनीचा, फोनबरोबर पूर्ण आवाज देतो असं वापरणाऱ्यांनी सांगितलेला डोंगल घ्यावा.

चिपची नावं आपोआप कानावर पडतील: सिरस लॉजिकची सीएस४३१३१, ईएसएसची ईएस९२१९, वगैरे. त्यावरून निवड करू नका. चांगल्या चिपचा वाईट डोंगल बनवता येतो आणि साध्या चिपचा चांगलाही. चिपच्या नावाऐवजी दोन गोष्टी बघा: किती व्होल्ट मिळतात, आणि ॲम्पचा स्वतःचा रोध किती आहे.

पायरी चौथी: ताकद किती लागेल याचा हिशेब

हेडफोनच्या माहितीत दोन आकडे असतात. रोध, जो ओहममध्ये असतो, आणि संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक विजेवर तो किती डेसिबल वाजतो. संवेदनशीलता काही कंपन्या १ व्होल्टला देतात, काही १ मिलिवॉटला. हे दोन आकडे एकमेकांशी थेट ताडून बघू नका. मिलिवॉटचा आकडा व्होल्टमध्ये आणायचा तर १६ ओहमच्या इअरफोनला १८ मिळवा, ३२ ओहमला १५, ३०० ओहमला ५.

उदाहरण घेऊ. १६ ओहमचा इअरफोन, १ मिलिवॉटला १०५ डेसिबल. म्हणजे १ व्होल्टला १२३ डेसिबल. व्होल्ट दहापट कमी केले की २० डेसिबल उतरतात, म्हणजे ०.१ व्होल्टलाच हा १०३ डेसिबल वाजेल, आणि ते कानठळ्या बसवणारं आहे. अशा इअरफोनला ४ व्होल्टचा डोंगल लावून काय साधणार? आवाजाची पट्टी पहिल्या दोन पायऱ्यांतच वापरावी लागेल, आणि शांत जागी मागे बारीक सूं-सूं ऐकू येण्याचीही शक्यता.

आता दुसरं टोक. सेनहायझरचा एचडी ६५० हा ३०० ओहमचा हेडफोन १ व्होल्टला १०३ डेसिबल वाजतो. ऐकायला पुरेसं वाटतं, पण हे शिखराचं, म्हणजे गाण्यातल्या सर्वात जोरकस क्षणाचं माप आहे. आताची बहुतेक गाणी इतकी ठासून भरलेली असतात की सरासरी आणि शिखर यांत फार अंतर नसतं. तिथे १ व्होल्ट पुरतो. शास्त्रीय वाद्यवृंदासारख्या चढउताराच्या मुद्रणात सरासरी शिखराच्या २० डेसिबल खाली असू शकते, म्हणजे उरले ८३. हळू ऐकणाऱ्याला तेही चालेल, मोठ्याने ऐकणाऱ्याला कमी पडेल. २ व्होल्टचा डोंगल ६ डेसिबल आणखी देतो आणि प्रश्न मिटतो.

अडचणीचा तिसरा प्रकार म्हणजे कमी रोधाचे पण कमी संवेदनशील हेडफोन, विशेषतः सपाट पडद्याचे प्लॅनर. त्यांना व्होल्टबरोबर विजेचा प्रवाहही भरपूर लागतो. असा हेडफोन असेल तर डोंगलच्या माहितीत ३२ ओहमला किती मिलिवॉट मिळतात ते बघा.

ॲम्पच्या स्वतःच्या रोधाचा ठोकताळा असा: तो हेडफोनच्या रोधाच्या एक अष्टमांशापेक्षा कमी असावा. १६ ओहमच्या इअरफोनला २ ओहम किंवा कमी. जास्त असेल तर आवाजाचा तोल बदलतो. एकाच इअरफोनमध्ये अनेक छोटे ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे भाग, असतील तर हे जास्त जाणवतं, कारण त्यांचा रोध प्रत्येक स्वराला वेगळा असतो.

काही डोंगलवर ४.४ मिलिमीटरचं जाड भोक असतं. ती बॅलन्स्ड जोडणी. तिथे बहुधा ताकद जास्त मिळते, आणि तिचा खरा उपयोग तेवढाच. ज्याला १ व्होल्ट पुरतो त्याला तिची गरज नाही. एक धोका मात्र आहे. ३.५ मिलिमीटरचा साधा हेडफोन अडॉप्टर लावून ४.४ च्या भोकात कधी घालू नका. साध्या हेडफोनमध्ये डाव्या-उजव्या बाजूची परतीची तार एकच असते, त्यामुळे ॲम्पचे दोन वेगळे भाग एकमेकांना चिकटतात आणि डोंगल जळू शकतो. उलट दिशा, म्हणजे बॅलन्स्ड वायरचा हेडफोन अडॉप्टर लावून ३.५ मध्ये घालणं, चालतं.

पायरी पाचवी: जोडल्यावर फोनमध्ये काय बघायचं

ओप्पो, वनप्लस, रिअलमी यांच्या बऱ्याच फोनवर ओटीजी नावाचं बटण सेटिंगमध्ये असतं. ते चालू केल्याशिवाय डोंगलला वीजच मिळत नाही, आणि काही वेळ वापर नसेल तर ते आपोआप बंदही होतं. 'काल वाजत होतं, आज वाजत नाही' या तक्रारीमागे बऱ्याचदा एवढंच असतं. डेव्हलपर ऑप्शन्स (फोनमधल्या लपलेल्या सेटिंग, सहाव्या पायरीत बघा) उघडले असतील तर यूएसबी ऑडिओचा मार्ग बंद करणारं बटण चुकून चालू नाही ना, तेही बघा.

यानंतर फोनमधल्या सगळ्या जादू बंद करा: डॉल्बी ॲटमॉस, थ्रीडी, बास बूस्ट, अपस्केलर. कायमच्या नव्हे; मूळ आवाज काय आहे हे कानाला कळेपर्यंत. नंतर आवडलं तर लावा, त्यात कमीपणा काही नाही. सुलभतेच्या सेटिंगमध्ये डाव्या-उजव्या तोलाची पट्टी आणि मोनोचं बटण असतं. पट्टी मध्यावर आणि मोनो बंद असल्याची खात्री करा. मोनो चालू राहिलं तर गाणं डोक्याच्या मधोमध गोळा होतं आणि दोष हेडफोनवर जातो.

अँड्रॉइड सगळ्या ॲपचे आवाज एकत्र मिसळतो आणि बहुतेक फोनवर ते ४८ किलोहर्ट्झला आणतो. सीडीच्या दर्जाचं गाणं ४४.१ किलोहर्ट्झचं असतं, म्हणजे वाटेत त्याचं रूपांतर होतं. यावर लोक हिरिरीने भांडतात. माझं मत विचाराल तर आताच्या फोनवर हा फरक ऐकू येणं दुर्मीळ आहे आणि नवख्या माणसाने त्यामागे लागू नये. तरीही आकडे जसेच्या तसे पोचवायचे असतील तर यूएसबी ऑडिओ प्लेयर प्रो सारखी ॲप स्वतःचा ड्रायव्हर वापरून अँड्रॉइडला बगल देतात. अँड्रॉइड १४ पासून प्रणालीतही तशी सोय आली, पण प्रत्येक ॲपने ती वापरायला हवी. अशा थेट पद्धतीने पहिल्यांदा गाणं लावाल तेव्हा हेडफोन कानाला लावू नका. फोनची आवाजाची बटणं काही वेळा तिथे चालत नाहीत आणि गाणं पूर्ण जोरात सुरू होतं.

आयफोनवर यातलं बरंचसं करावं लागत नाही. आयफोन १५ पासून यूएसबी-सी आहे. डोंगल लावा आणि ऐका. त्याआधीच्या लाइटनिंगच्या फोनला ॲपलचा लाइटनिंग ते ३.५ अडॉप्टर सरळ चालतो, त्याच्याही आत डॅक आहे. त्या फोनला यूएसबीचा डोंगल लावायचा असेल तर ॲपलचा कॅमेरा अडॉप्टर मध्ये घालावा लागतो. जास्त वीज ओढणारा डोंगल मात्र तिथे 'खूप वीज लागते' म्हणून नाकारला जातो.

चार्जिंग आणि ऐकणं एकाच वेळी हवं असेल तर दोन तोंडांचे अडॉप्टर मिळतात. पण आत डॅक आणि चार्जिंग दोन्ही नीट सांभाळणारा हवा. स्वस्तातल्या अनेकांत चार्जर लावला की खरखर सुरू होते. फोनमध्ये वायरलेस चार्जिंग असेल तर तोच उपाय सर्वात साधा.

पायरी सहावी: ब्लूटूथवर असाल तर

ब्लूटूथवर गाणं पाठवण्याआधी फोन ते दाबून लहान करतो. दाबायच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. एसबीसी हा सर्वांना सक्तीचा, साधारण ३२८ केबीपीएसपर्यंत (सेकंदाला इतके किलोबिट) जाणारा. एएसी हा आयफोनचा मुख्य कोडेक. आयफोनवर एसबीसी आणि एएसी सोडून तिसरा नाही, त्यामुळे आयफोनसाठी एलडॅक लिहिलेला हेडफोन जास्त पैसे देऊन घेण्यात अर्थ नाही. ॲप्टएक्स ३५२ केबीपीएसचा, ॲप्टएक्स एचडी ५७६ चा. सोनीचा एलडॅक ३३०, ६६० आणि ९९० अशा तीन पायऱ्यांवर चालतो आणि अँड्रॉइड ८ पासून अँड्रॉइडचा भाग आहे. फोन आणि हेडफोन दोघांनाही येत असेल तोच कोडेक चालतो.

कोणता चालू आहे ते बघायला अँड्रॉइडवर फोनच्या माहितीत जाऊन बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारा. डेव्हलपर ऑप्शन्स उघडतील आणि त्यात ब्लूटूथ ऑडिओ कोडेक दिसेल. हेडफोन जोडलेला असतानाच बघा. एलडॅक मिळत असूनही एसबीसी चालू असेल तर आधी ब्लूटूथच्या यादीत त्या हेडफोनच्या नावासमोरच्या खुणेत जा आणि एचडी ऑडिओ किंवा एलडॅकचं बटण चालू करा. डेव्हलपर ऑप्शन्समधली निवड पुन्हा जोडताना पुसली जाऊ शकते, हे बटण टिकतं. काही हेडफोनमध्ये एलडॅक त्यांच्या स्वतःच्या ॲपमधून चालू करावा लागतो.

एलडॅक सक्तीने ९९० वर लावून गर्दीत गेलात तर आवाज तुटायला लागतो. आसपास शेकडो ब्लूटूथ आणि वाय-फायची उपकरणं बोलत असतात. आपोआप जुळवून घेणारा पर्याय ठेवा किंवा ६६० निवडा. चांगला एएसी आणि एलडॅक यांतला फरक शांत खोलीत लक्ष देऊन शोधावा लागतो, टोपी घट्ट न बसल्याचा फरक रस्त्यावरही कळतो. कोडेकला किती महत्त्व द्यायचं ते यावरून ठरवा.

ब्लूटूथवर आवाज अचानक जुन्या टेलिफोनसारखा होतो, याचं कारण मायक्रोफोन. कॉल किंवा गेममधली गप्पांची सोय सुरू झाली की जोडणी गाण्याच्या मार्गावरून बोलण्याच्या मार्गावर जाते आणि दर्जा कोसळतो. त्या ॲपची मायक्रोफोनची परवानगी काढून घ्या किंवा बोलणं संपवा, गाणं पूर्ववत होईल.

वायरवाला हेडफोन आणि ब्लूटूथची सोय, दोन्ही हवं असेल तर शर्टाला अडकवायचे छोटे ब्लूटूथ डॅक मिळतात. क्यूडेलिक्स ५के आणि फिओची बीटीआर मालिका ही त्यांतली परिचित नावं. त्यांना यूएसबीची वायर लावली की तेच डोंगल होतात. ब्लूटूथवर वापरताना फोनमध्ये काही लटकत राहत नाही, त्यामुळे चार्जिंगच्या भोकावर ताणही येत नाही.

पायरी सातवी: गाणं येतंय कुठून

संगीताच्या ॲपमध्ये दर्जाची सेटिंग वाय-फाय, मोबाइल डेटा आणि डाउनलोड अशी वेगवेगळी असते. एक बदललं आणि दोन राहून गेली असं होतं, तेव्हा तिन्ही बघा. स्पॉटिफायवर ३२० केबीपीएसचा पर्याय आहे, आणि सप्टेंबर २०२५ पासून लॉसलेसही (काहीही न गाळता साठवलेलं गाणं) येऊ लागलं. ॲपल म्युझिकवर २०२१ पासून लॉसलेस आहे. ३२० केबीपीएसला तासाला सुमारे १४४ एमबी लागतात, लॉसलेसला त्याच्या दोन-तीन पट. ब्लूटूथवर गाणं पुन्हा दाबलं जाणारच असल्याने तिथे लॉसलेससाठी डेटा जाळण्यात फारसा फायदा नाही. वायरवर ऐकताना लावा, निदान मनाला शांती मिळते. १९२ किलोहर्ट्झच्या गाण्यांसाठी मात्र मी जागा अडवणार नाही. माणसाचा कान २० किलोहर्ट्झच्या वर ऐकत नाही आणि ४४.१ किलोहर्ट्झच्या मुद्रणात तिथपर्यंतचं सगळं मावतं.

सगळ्या गाण्यांचा आवाज सारखा करणारी सोय चालू ठेवली तरी दर्जाचं नुकसान होत नाही, फक्त तिच्यात 'मोठा' हा पर्याय निवडू नका. तो आवाज वर ढकलताना शिखरं चेपतो.

पायरी आठवी: इक्वलायझर

इक्वलायझर म्हणजे खर्जापासून बारीक स्वरांपर्यंतचे भाग वेगवेगळे कमी-जास्त करायच्या पट्ट्या. पैसे न घालता मिळणारी सर्वात मोठी सुधारणा हीच. अँड्रॉइडवर वेव्हलेट नावाचं ॲप हजारो हेडफोनच्या मापनांवरून तयार दुरुस्ती देतं. तुमच्या मॉडेलचं नाव शोधा आणि लावा. हाताने करत असाल तर वाढवण्याऐवजी कमी करायची सवय लावा. आवाज टोचतोय? ट्रेबल चढवून-उतरवून बघण्याआधी ३ ते ८ किलोहर्ट्झच्या दरम्यान एकेक पट्टी थोडी खाली घ्या. खर्ज ६ डेसिबलने वाढवायचाच असेल तर प्रीॲम्पची, म्हणजे एकूण पातळीची, पट्टी तेवढीच खाली आणा, नाहीतर शिखरं कापली जातील आणि आवाज फाटल्यासारखा येईल.

दोन डोंगल, दोन कोडेक किंवा इक्वलायझर चालू-बंद अशी तुलना करताना आवाजाची पातळी आधी सारखी करा. किंचित मोठा आवाज आपल्याला नेहमी जास्त स्पष्ट, जास्त मोकळा वाटतो, आणि दुकानदारांना हे आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

काही बिघडलं तर

गाण्यातला गायक गायब झाला आणि मागे पोकळ वाद्यं उरली, तर प्लगचा परतीचा संपर्क सुटला आहे. प्लग पूर्ण आत ढकला. तरीही तसंच असेल तर मायक्रोफोनचं बटण दाबून धरा. दाबल्यावर गायक परत आला तर इअरफोनची जोडणी जुन्या ओएमटीपी पद्धतीची आहे आणि तुमचा डोंगल हल्लीच्या सीटीआयए पद्धतीचा. दोन्ही जुळवणारा छोटा अडॉप्टर मिळतो.

हलवलं की आवाज तुटत असेल तर फोनच्या चार्जिंगच्या भोकात बहुधा खिशातला कापूस साठलेला असतो. फोन बंद करून लाकडी दातकोरणीने हळूच काढा. टाचणी किंवा सुई घालू नका. थांबून थांबून टर्र-टर्र येत असेल तर विमान मोड लावून बघा. तेव्हा थांबली तर ती फोनच्या रेडिओची, आणि डोंगलची वायर फोनच्या अँटेनापासून थोडी दूर नेली किंवा चांगल्या आवरणाची घेतली की कमी होते. कॉलवर समोरच्याला तुमचा आवाज जात नसेल तर डोंगलमध्ये मायक्रोफोनची जोडणी नसण्याची शक्यता आहे. गाण्यासाठी बनवलेल्या बऱ्याच डोंगलमध्ये ती नसतेच, घेण्याआधी बघावं.

अँड्रॉइडवर आवाजाच्या पायऱ्या सहसा १५ असतात, त्यामुळे संवेदनशील इअरफोनवर एक पायरी फार हळू आणि पुढची फार मोठी वाटते. सॅमसंगवर साउंड असिस्टंट ॲपने पायऱ्या वाढवता येतात. इतरत्र फोनची पातळी वर ठेवून ॲपमधली किंवा इक्वलायझरच्या प्रीॲम्पची पट्टी खाली घ्या, मधली जागा सापडते. ती शोधताना जागतिक आरोग्य संघटनेचं माप हाताशी असू द्या: ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास, ९० डेसिबलला फक्त ४. आयफोनवर चालू पातळी कंट्रोल सेंटरमधल्या कानाच्या खुणेत दिसते. अँड्रॉइडवर ती दिसत नसेल, तर वर केलेल्या व्होल्ट आणि डेसिबलच्या हिशेबातून निदान जास्तीत जास्त पातळीचा अंदाज येतो.